ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी ऑडिओ इंटरफेस रुसला, तर दोष कसा शोधावा

घुमट-आरतीच्या, म्हणजे गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरतीच्या, ध्वनिमुद्रणाची कामे माझ्याकडे येतात ती चतुर्थीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत. त्या दिवसांत हवा ओलसर असते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि नोकरीधंद्यातून सुटी काढून आलेल्या दहा-बारा जणांच्या पथकाला पुन्हा एकत्र आणणे फार अवघड जाते. त्यामुळे इंटरफेसची, म्हणजे माईकचा आवाज संगणकापर्यंत नेणाऱ्या यंत्राची, तपासणी पथक दारात येण्याची वाट न पाहता आदल्या दिवशी सकाळीच उरकावी, असा नियम मी घालून घेतला आहे. सकाळ निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे: एखादी केबल किंवा अडॅप्टर विकत आणण्याची वेळ आलीच, तर फोंड्यातील किंवा पणजीतील दुकाने दुपारच्या विश्रांतीसाठी बंद होण्यापूर्वी गाठता येतात.

तपासणीत दोष आढळला, तर पहिली गोष्ट म्हणजे कशालाही हात न लावता यंत्राच्या पुढील व मागील बाजूचे आणि सॉफ्टवेअरमधील ध्वनीच्या सेटिंग्जचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा, परिणाम पाहावा आणि फरक पडला नाही तर तो बदल मागे घेऊनच पुढे जावे. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (यंत्राशी बोलण्यासाठी संगणकात बसवलेले सॉफ्टवेअर) तिन्ही एकदम बदलले आणि आवाज आला, तर काम झाल्यासारखे वाटते. मात्र नेमके काय बिघडले होते हे न कळल्यामुळे तीच तक्रार ऐन ध्वनिमुद्रणात पुन्हा उभी राहू शकते, आणि तोपर्यंत सदोष केबल चांगल्या केबलींच्या गुंडाळीत मिसळून गेलेली असते.

इंटरफेस बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार बहुधा चारांपैकी एक असते: संगणकाला यंत्र दिसतच नाही; दिसते, पण आवाज येत नाही; आवाज येतो, पण त्यात घरघर किंवा तडतड असते; किंवा आवाज स्वच्छ असूनही तुटतो, उशिरा येतो वा चुकीच्या स्वरात वाजतो. आपली तक्रार कोणती हे आधी एका वाक्यात लिहून काढावे, कारण प्रत्येकीचा शोध वेगळ्या वाटेने जातो.

संगणक बाजूला ठेवून पहिली चाचणी

सर्वांत जास्त माहिती देणारी चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. जवळपास प्रत्येक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण किंवा खटका असतो. तो चालू केला की माईकचा आवाज संगणकात जाऊन परत न येता यंत्रातूनच थेट हेडफोनकडे वळतो. एक साधा डायनॅमिक माईक पहिल्या इनपुटला जोडावा, हेडफोन इंटरफेसलाच लावावा, गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारे बटण, हळूहळू वाढवावा आणि बोलून पाहावे. आवाज स्वच्छ ऐकू आला, तर माईक, त्याची केबल, प्रीअँप (माईकचा क्षीण आवाज वाढवणारा यंत्रातील भाग) आणि हेडफोनचा भाग हे सगळे ठीक आहेत आणि दोष बहुधा यूएसबी केबल, ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर यांच्यापैकी कुठेतरी आहे, असे ठरवता येते. आवाज आलाच नाही किंवा खराब आला, तर ड्रायव्हरमध्ये वेळ घालवण्यात काहीच अर्थ नसतो.

या चाचणीसाठी डायनॅमिक माईकच घ्यावा, कारण त्याला फँटम वीज, म्हणजे इंटरफेसने माईकच्याच केबलीतून पाठवलेली वीज, लागत नाही आणि त्यामुळे शंकेची एक जागा आपोआप कमी होते. हीच चाचणी प्रत्येक इनपुटवर त्याच माईकने आणि त्याच केबलने करावी. पहिल्या इनपुटवर आवाज येतो आणि दुसऱ्यावर येत नाही, असे झाले तर दोष त्या इनपुटचा आहे. माईक वा केबल बदलल्यावर तक्रारही त्यांच्यामागोमाग सरकली, तर यंत्र निर्दोष आहे.

संगणकाला यंत्र दिसत नसेल तर

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधील ध्वनियंत्रांच्या यादीत आणि मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधील यूएसबीच्या यादीत यंत्राचे नाव आहे का, हे पाहावे. नाव तेथेच नसेल, तर ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करणे व्यर्थ होय. इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडावा, मग दुसऱ्या पोर्टला जोडावा आणि त्यानंतर केबल बदलावी. मोबाईलच्या चार्जरसोबत मिळणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलीने इंटरफेसचा दिवा व्यवस्थित लागतो आणि तरीही संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. एकदा मी अशाच केबलीपायी दोन तास ड्रायव्हर काढत आणि घालत बसलो होतो आणि तोपर्यंत ओसरीवर मंडळींचा तिसरा चहा झाला होता. तेव्हापासून खात्रीच्या केबलीला मी लाल चिकटपट्टी लावून ठेवतो आणि ती चार्जिंगसाठी कोणालाही देत नाही.

संगणकावरूनच वीज घेणाऱ्या इंटरफेसच्या बाबतीत विजेचे गणितही ध्यानात घ्यावे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर मिळण्याची तरतूद आहे. ज्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नाही, तो एवढ्याच विजेत माऊस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेस या सर्वांचे भागवतो. फँटमचे बटण दाबताच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर वीज अपुरी पडते आहे असे समजावे आणि थेट पोर्ट, आखूड केबल किंवा यंत्राला वेगळा अडॅप्टर जोडण्याची सोय असल्यास तो वापरून पाहावा.

दुसरा संगणक हाताशी नसेल, तर मोबाईलही साक्षीला चालतो. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारे इंटरफेस योग्य अडॅप्टर लावल्यास अनेक फोनवरही ओळखले जातात. मात्र फोनची वीज काही यंत्रांना पुरत नाही, म्हणून फोनवर ते चालले तर यंत्र चांगले आहे एवढाच निष्कर्ष काढावा, आणि चालले नाही तर कोणताच काढू नये.

विंडोजवर कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (विंडोजचा नेहमीचा ध्वनिमार्ग टाळून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी जोडणारा) असेल तर तोच वापरावा. विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर यंत्र दिसेनासे झाले असेल, तर ड्रायव्हर पूर्णपणे काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा, इंटरफेस न जोडता ड्रायव्हर बसवावा आणि सूचना आल्यावरच केबल जोडावी. संगणकाची कार्यप्रणाली किंवा इंटरफेसचे फर्मवेअर (यंत्राच्या आत साठवलेले सॉफ्टवेअर) मात्र आदल्या दिवशी अद्ययावत करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो. भिंतीतील सॉकेटवर चालणारा इंटरफेस मात्र अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कायमचा निकामी होऊ शकतो.

यंत्र दिसते, पण आवाज नाही

येथे दोष बहुधा किरकोळ असतो आणि नजरेसमोरच असतो. सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेसऐवजी लॅपटॉपचा अंगचा माईक निवडला गेला आहे का, ट्रॅकला दिलेला इनपुट क्रमांक आणि प्रत्यक्ष जोडलेला क्रमांक एकच आहेत का, ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज केला आहे का आणि ब्राउझरमधील एखाद्या व्हिडिओ-बैठकीने यंत्र अडवून ठेवले आहे का, हे पाहावे. मॅकवर सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली नसेल, तर मुद्रण नेहमीप्रमाणे चालू राहते, कोणतीही चूक दाखवली जात नाही आणि हाती मात्र निव्वळ शांतता लागते; विंडोजवरही आसिओऐवजी विंडोजच्याच ध्वनिमार्गाने मुद्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच परवानगी तपासावी.

कंडेन्सर माईक मुका असेल आणि डायनॅमिक माईक बोलत असेल, तर संशय ४८ व्होल्टच्या फँटम विजेवर जातो. साध्या मल्टिमीटरने ती मोजता येते. माईक काढून ठेवावा, केबलीचे एक टोक इंटरफेसला जोडावे, फँटम चालू करावे आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून केबलीच्या मोकळ्या टोकाला पहिल्या व दुसऱ्या पिनेमधील आणि नंतर पहिल्या व तिसऱ्या पिनेमधील दाब मोजावा. दोन्ही आकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान आणि एकमेकांच्या अगदी जवळ असले पाहिजेत. एक आकडा योग्य असून दुसरा शून्य असेल, तर केबलीतील एक तार तुटलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून दुसरी केबल लावून पुन्हा मोजावे. दुसऱ्या केबलीवरही तेच आकडे आले, तर तो दोष इंटरफेसच्या आतला आहे. मोजताना मल्टिमीटरचे कोणतेही एक टोक एकाच वेळी दोन पिनांना टेकणार नाही याची काळजी घ्यावी. फँटम चालू किंवा बंद करण्यापूर्वी स्पीकरचा आवाज पूर्ण उतरवावा आणि जुना रिबन माईक जोडलेला असेल तर फँटमला हात लावू नये.

घरघर आणि तडतड

गोव्यातील जुन्या घरांत काम करणाऱ्याचा सर्वाधिक वेळ जातो तो येथे, आणि यंत्रावर अन्याय होतो तोही येथेच.

आपल्याकडील वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यातून येणारी घरघर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५० अशा ठिकाणी ऐकू येते. गायनाच्या भाषेत सांगायचे, तर १०० हर्ट्झ हा आवाज खर्जातील पांढरी पाचच्या, म्हणजे ९८ हर्ट्झच्या किंचित वर बसतो. त्यामुळे पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या कलाकाराच्या तंबोऱ्याखाली ही घरघर काही वेळ लपून राहते आणि दोन आवाजांतील फरकामुळे सेकंदाला दोन अशी आंदोलने उठू लागली की सगळे तंबोऱ्याला दोष देतात. म्हणूनच घरघर तपासताना कोणतेही वाद्य वाजत नसावे. माईक जोडून, गेन नेहमीच्या जागी ठेवून एक मिनिट रिकाम्या खोलीचे मुद्रण करावे आणि ते हेडफोनवर मोठ्याने ऐकावे.

घरघर आढळली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. ती तत्काळ थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे. लॅपटॉप एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवरील सॉकेटवर असतील, तर दोन वाटांनी जमिनीला जोडले गेल्यामुळे मधल्या केबलींतून नको तो प्रवाह वाहतो. सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणली की बहुतेक वेळा हा त्रास संपतो. स्पीकरपर्यंतच्या केबली बॅलन्स्ड, म्हणजे जॅकवर दोन काळ्या रेघा असलेल्या, घ्याव्यात. घरघर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणे किंवा अर्थिंग सोडवणे हा उपाय कोणी कितीही ठामपणे सांगितला, तरी करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी बसून वाजवणाऱ्या माणसांच्या खोलीत तर तिचे मोल अधिकच आहे. चिऱ्यांच्या जुन्या घरात सॉकेटला तीन भोके असूनही मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नाही, असे मी पाहिले आहे. शंका असल्यास परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे.

बॅटरीवरही घरघर राहिली, तर खोलीतील एकेक उपकरण बंद करून पाहावे: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, शेजारच्या खोलीतील फ्रीज. इन्व्हर्टरबाबत स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर घरघरीऐवजी तीक्ष्ण भुणभुण ऐकू येते आणि वीज परत येताच ती नाहीशी होते. अशा वेळी वीज येईपर्यंत लॅपटॉप आणि संगणकावरूनच वीज घेणारा इंटरफेस बॅटरीवर, आणि ऐकण्यासाठी स्पीकरऐवजी हेडफोन, एवढ्यावर काम शुद्ध करता येते.

तडतडीचे कारण वेगळे असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात ते बहुधा दमट हवेतच सापडते. वातानुकूलित खोलीतून किंवा मोटारीतून आणलेला थंड कंडेन्सर माईक दमट खोलीत लगेच उघडला, तर त्याच्या पडद्यावर बाष्प साचते आणि आवाजात फुटाणे फुटल्यासारखे तडतडू लागते. माईक पेटीतच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि पेटीत सिलिका जेलची पुडी कायम असावी. रंग बदलणारे दाणे घेतले, तर ते ओले झाले केव्हा हे दिसते. समुद्राकाठच्या खारट हवेत जॅकवर आणि गेनच्या बटणाच्या आत थर धरतो. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर फँटम बंद करून, यंत्राची वीज काढून, एक-दोन मिनिटे थांबावे आणि ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावे. जॅकही तसाच आठ-दहा वेळा आत-बाहेर करावा. एवढ्याने भागले नाही, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकवर फवारून, पुसून आणि वाळवून मग तो लावावा. कड्या-कुलपांचा गंज सोडवणारे तेल येथे वापरू नये.

घुमटाच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. मडक्याच्या कातडी बसवलेल्या तोंडावर थाप पडते आणि दुसरे उघडे तोंड वादक डाव्या हाताने झाकत-उघडत असतो. माईक त्या उघड्या तोंडासमोर अगदी जवळ ठेवला, तर हवेचा झोत थेट पडद्यावर येतो आणि आवाज फाटतो. तो इंटरफेसचा दोष नव्हे. माईक बाजूला सरकवावा, इनपुटवर पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा खटका) असल्यास तो लावावा आणि सगळ्यांत जोरदार थापेलाही पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवावा.

आवाज तुटणे, उशिरा येणे, स्वर सरकणे

स्वर सरकण्याचे कारण जवळपास नेहमीच सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, असतो. ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित झालेला आवाज ४८ वर वाजवला गेला, तर तो सुमारे दीड अर्ध्या-स्वराने चढतो: काळी एकमधली आरती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी वाजते आणि पाच मिनिटांची आरती ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते. सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि कार्यप्रणाली या तिन्ही ठिकाणी आकडा एकच असल्याची खात्री करावी. ड्रायव्हरच्या सेटिंग्जमध्ये क्लॉक सोर्सही, म्हणजे नमुन्यांचा ठेका कोणते यंत्र धरते तेही, पाहावे. बाहेरचे दुसरे यंत्र जोडलेले नसताना तो एक्स्टर्नल किंवा ऑप्टिकलवर राहिला, तर आवाज टिकटिकतो किंवा अजिबात येत नाही.

आवाज तुटत असेल, तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो त्या नमुन्यांची संख्या, वाढवावा. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद आणि १०२४ चा म्हणजे सुमारे २१.३ मिलिसेकंद. मोठ्या बफरमुळे हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि शामेळ (घुमटाच्या साथीचे चर्मवाद्य) व कासाळे (झांजा) वाजवणारे मागे पडू लागतात, म्हणून वादकांना डायरेक्ट मॉनिटरवरून ऐकवावे आणि बफर ५१२ किंवा १०२४ वर निर्धास्त ठेवावा. त्याबरोबरच वाय-फाय आणि पार्श्वभूमीवर चालणारा फाईलींचा बॅकअप बंद करावा, लॅपटॉपची वीजयोजना पूर्ण क्षमतेवर ठेवावी आणि विंडोजमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी यंत्रे निजवणारी सोय) निष्क्रिय करावे.

दोष सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

दोष दूर झाला असे वाटले, तरी खात्री करण्यासाठी बॅलन्स्ड केबल इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून त्याच्याच लाइन इनपुटला जोडावी, स्पीकर आणि डायरेक्ट मॉनिटर बंद करावेत, सॉफ्टवेअरमधून १ किलोहर्ट्झचा सूर सोडावा आणि तो परत मुद्रित करावा. त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद असणे आवश्यक आहे, नाहीतर आवाज गोल फिरून वाढत जाईल. डावे आणि उजवे आउटपुट आळीपाळीने प्रत्येक इनपुटला जोडून पातळ्या पाहिल्या, की कोणता भाग अशक्त आहे हे कागदावर स्पष्ट मांडता येते आणि दुरुस्तीला पाठवताना तोच कागद उपयोगी पडतो. त्यानंतर उद्या लागणारे सगळे ट्रॅक सज्ज करून सलग पाऊण तास मुद्रण चालू ठेवावे, कारण यंत्र तापल्यावरच उघडा पडणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत दिसत नाही.

दुपारी चारपर्यंत निदान झाले नाही, तर मी शोध थांबवतो आणि पर्यायाच्या तयारीला लागतो. ओळखीच्या कोणाकडून इंटरफेस मागून आणावा, यूएसबीची सोय असलेला मिक्सर वापरावा किंवा हातात धरण्याजोगा रेकॉर्डर मध्यभागी ठेवून, वादकांची अंतरे मागे-पुढे करून आवाजाचा समतोल साधावा; आरती तशीही एका खोलीत, एकमेकांना ऐकत वाजवण्याचीच गोष्ट आहे. मागून आणलेल्या यंत्राचा ड्रायव्हर त्याच संध्याकाळी बसवून वरची पाऊण तासाची चाचणी त्याच्यावरही करावी. यंत्रातून जळका वास येत असेल किंवा ते हात लावू नये इतके तापत असेल, तर ते पुन्हा चालू करू नये आणि वॉरंटी असताना स्क्रू उघडू नयेत.

सगळे जुळल्यावर प्रत्येक केबलीवर इनपुटचा क्रमांक आणि वाद्याचे नाव लिहावे, सेटिंग्जचे पुन्हा फोटो काढावेत, कंडेन्सर माईक पेटीत परत ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी एक्स्टेंशन बोर्डचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. रात्री गडगडाट झाला, तर केवळ बटण बंद असणे पुरेसे नसते.